रुक्याच्या पाठीवरचं शेत

त्या राज्यात प्रत्येकाला दोन अंगं होती आणि स्वतःची पाठ कुणालाच दिसत नव्हती.

राज्य नाण्यांचं होतं. पुढच्या अंगावर सगळ्यांच्या एकच मुकुट कोरलेला, मग तो सोन्याचा होन असो की तांब्याचा रुका. त्यामुळे रंग सोडला तर तोंडावरून कोण कुठला ते कळत नसे. जे काही वेगळेपण होतं ते पाठीवर होतं. तिथे प्रत्येकाचा आकडा असे आणि आकड्याजवळ एक चित्र. कुणाला मासा, कुणाला नांगर, कुणाला नुसतीच वेल. आपण कोण आणि केवढ्याचे हे ज्याच्या त्याच्या पाठीवर लिहून ठेवलेलं, आणि नेमकं ज्याचं त्यालाच वाचता येऊ नये अशा जागी. घडवणाऱ्याच्या मनात काय होतं ते घडवणाऱ्यालाच ठाऊक.

यावर त्या लोकांनी एक रीत काढली होती. दिवेलागणीला एकाने जोडीदाराकडे पाठ करून बसायचं आणि दुसऱ्याने ती मोठ्याने वाचायची. मग जागा बदलायच्या. याला ते पाठवाचन म्हणत. लग्न जमवताना सोयरे रंग बघत नसत, वजन बघत नसत. मुलगी नीट वाचते ना, मुलगा वाचायला कंटाळत तर नाही ना, एवढंच विचारत. ज्याची पाठ रोज वाचली जाते तो चलनात आहे, अशी तिथली समजूत होती. कडक कायदाही एकच होता. पाठ खोटी वाचायची नाही. चोरीला तिथे माफी मिळे, मारामारीला मिळे, खोट्या वाचनाला मिळत नसे. ज्याला स्वतःला पाहताच येत नाही त्याला फसवण्याइतकं सोपं दुसरं काय असणार?

दुगाणी हा कायदा कित्येक वर्षं, दिवेलागणीच्या मुहूर्तावर, न चुकता मोडत होती.

तिचा नवरा रुका. दोघंही तांब्याची, दोघंही तांबेवस्तीत वाढलेली. वस्तीच्या टोकाला बाजाराची वेस होती आणि वेशीपलीकडे हात राहत. सकाळी एखादी मूठ यायची आणि तांब्याची माणसं त्या मुठीत बसून बाजारात जायची. तिथे त्यांच्या बदल्यात कुणाला मीठ मिळे, कुणाला सुई, कुणाला लिंबू. संध्याकाळपर्यंत दुसरी कुठली तरी मूठ त्यांना परत आणून सोडी. आपण गेलो की कुणाला तरी काही तरी मिळतं, एवढाच तांबेवस्तीचा धर्म होता. देवळंबिवळं बांधायला त्यांना सवड नव्हती.

दुगाणीला एक दिवस फार आठवे. बाजारात एक पोर पडलं, कपाळावर टेंगूळ आलं, आणि त्याच्या आईने मुठीतली दुगाणी काढून त्या टेंगळावर गच्च दाबून धरली. किती ऊन होतं ते कपाळ! सूज उतरली तसं पोराने रागाने तिला उंबऱ्यावर भिरकावलं, तिच्या कडेला खोच पडली ती कायमची. मग त्याच आईने तिला उचललं आणि तिच्या बदल्यात पोराला गुळाचा खडा घेऊन दिला. दुगाणी ती खोच दागिन्यासारखी मिरवायची. कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

रुका तर तिच्याहून कामाचा. कोणतीही मूठ आली की पहिला उडी मारणारा. बहुतेक वेळा दोघं एकाच मुठीतून जात आणि एकाच मुठीतून परत येत. पण जो हातात जातो तो झिजतो. रुक्याच्या पाठीवर ज्वारीचं एक कणीस होतं आणि खाली आकडा. आधी कणसावरची कुसळं गेली, मग एकेक दाणा गेला, मग आकड्याचा पाय गेला. एका संध्याकाळी दुगाणीसमोर नुसती गुळगुळीत तांब्याची पाठ होती आणि रुका नेहमीसारखा मान खाली घालून वाट बघत होता.

"वाच की," तो म्हणाला. "आज काय एवढा वेळ?"

"एक कणीस," दुगाणी म्हणाली. "खाली आकडा."

ते तिचं पहिलं खोटं. पहिलं खोटं अंगावर काटा आणतं, दुसरं घशात अडकतं आणि तिसऱ्यापासून माणूस त्यात रमायला लागतो. दुगाणी रमली. नाहीतरी पाटी कोरीच आहे, मग कंजूषपणा कशाला? तिने कणसाला एक हिरवं पान दिलं. पुढे कणसाशेजारी दुसरं कणीस आलं. पुढे बांध आला, बांधावर बोर आली, बोरीवर सुगरणीचा खोपा आला. शेताच्या मध्ये माळा उभा राहिला आणि माळ्यावर गोफण घेऊन एक मुलगी पाखरं हाकायला बसली. एका रुक्याच्या पाठीवर अख्खं शेत डोलायला लागलं. नाण्याच्या पाठीवर काही उगवत नसतं हे त्या राज्यातल्या तान्ह्या पोरालाही माहीत होतं. पण रुक्याने कधी एका शब्दाने विचारलं नाही. तो ऐकत बसायचा आणि एवढंच म्हणायचा, "यंदा पीक बरं आहे."

हंगाम आला की ती हुरड्याचंही वाचायची. बांधाजवळ आगटी पेटलेली, गरम कणसं हातावर चोळणारी माणसं, आणि त्या माणसांत एक रुका, त्याच्याशेजारी एक रिकामी जागा. ते ऐकताना रुका 'पीक बरं आहे' म्हणायचंही विसरे.

तिची पाठ वाचायची पाळी आली की मात्र रुका म्हणजे शुद्ध कारकून. "दोन पानं, मध्ये आकडा. कालच्यासारखंच." झालं वाचन.

"अहो, दोन पानं म्हणजे कशी? टवटवीत आहेत की सुकलेली? काही तरी सांगाल की नाही?"

"पानं ती पानं. जे आहे ते वाचायचं."

दुगाणी फणकारायची. मी याला शेत देते आणि हा मला एक दवाचा थेंब देत नाही! शेजारी रुक्याची चुलतबहीण दमडी राहायची, तिच्यापाशी जाऊन ती कुरकुर करायची. दमडी अंगाने पातळ आणि जिभेने धारदार. जन्मभर ती एका फळीच्या फटीत पडून राहिलेली, बाजार तिने पाहिला नव्हता. त्यामुळे तिची पाठ मात्र टाकसाळीतून आत्ता निघाल्यासारखी कोरीव होती, आणि त्याचा तिला कोण अभिमान. "वहिनी," ती म्हणायची, "आमच्या दादाला बोलता येत असतं तर तो होन नसता झाला का?"

मग बाजार फिरला. तांब्याच्या एका रुक्याला लिंबू मिळत होतं, ते मूठभर रुक्यांनाही मिळेना. हात वेशीपर्यंत यायचे, तांबं दिसलं की मागे वळायचे. शेवटी एक दिवस वेस तांब्यासाठी बंद झाली. कुणी दवंडी पिटली नाही की कुणाला काढून टाकलं नाही. नुसतं न्यायला कुणी येईना.

तांबेवस्ती साचू लागली. अंगणात ढीग झाले, गल्ल्या भरल्या, विहिरींचे तळ भरले. कामाची सवय असलेली माणसं दिवसभर उंबऱ्यावर बसून एकमेकांवर आपटू लागली. होनांच्या पालख्या त्या वाटेने जात तेव्हा भोयांच्या पायाखाली खुर्दा करकरे आणि पालखी डुचमळे. वस्तीच्या दुःखाची दखल दरबाराने घेतली ती अशी, पालखी डुचमळली म्हणून.

या कामी अधेलीबाईंची नेमणूक झाली. अधेली चांदीची. होनांमध्ये बसायला मिळत नव्हतं आणि तांब्यात बसायची लाज, त्यामुळे तिला बोलायची कला साधली होती. वस्तीच्या चौथऱ्यावर उभी राहून ती म्हणाली, "तुम्हाला टाकाऊ कोण म्हणतं? त्याला माझ्यासमोर आणा! तुमची किंमत गेली असेल, उपयोग गेलेला नाही. राज्याला तुमचा हजार तऱ्हांनी उपयोग आहे."

तांब्याने इतक्या टाळ्या वाजवल्या की खणखणाट वेशीपलीकडे गेला असेल. बिचाऱ्यांना कुणी तरी हाक मारली होती.

आणि उपयोग खरोखरच झाले. राजसिंहासनाचा एक पाय पणजोबांच्या काळापासून आखूड होता. त्याखाली एक जाडजूड ढबू पैसा सरकवला आणि सिंहासन हलायचं थांबलं; ढबूला हार घालायचं ठरलं तेव्हा ध्यानात आलं की गळा बाहेर राहिलेला नाही. काहींना पाणी चांगलं राहतं म्हणून रांजणांच्या तळाशी सोडलं. काहींना दोऱ्यात ओवून बागेत टांगलं, वारा आला की ते किणकिणत आणि पाखरं उडत. काही पारड्यात वजन म्हणून बसले आणि दुसऱ्यांची किंमत ठरवू लागले. एका हौशी मोहरेने तर दिवाणखान्याच्या भिंतीवर तांब्याचा मोर जडवला आणि त्याच्या मानेसाठी ओलीत राहून हिरवे पडलेले निवडून घेतले. ज्यांना तो हिरवेपणा आजवर लपवावा लागला होता ते हरखून गेले. दमडीला राणीच्या महालातल्या पडद्याच्या काठात शिवलं, पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून. "रेशमात चालले, वहिनी," ती जाताना म्हणाली. रेशमात खरंच गेली. आत अंधार असतो हे तिला नंतर कळलं.

सगळ्यात मानाचा उपयोग दरबाराच्या फरशीचा. जमिनीवर चुन्याचा कोबा घालायचा आणि त्यात तांबं शेजारी शेजारी बसवायचं, मुकुट वर, पाठ चुन्यात. या मानाला पात्र कोण, तर ज्याची पाठ शाबूत आहे तो. पाठ नीट आहे याची खात्री करून घ्यायची आणि मग ती कायमची चुन्यात गाडायची, हे कुणाला विचित्र वाटलं नाही. ज्यांच्या पाठी झिजल्या होत्या त्यांच्यासाठी दुसरा उपयोग होता. त्यांच्या मधोमध भोक पाडायचं आणि दाराखिडक्यांच्या खिळ्यांखाली चकती म्हणून ठोकायचं.

म्हणजे जो बाजारात गेला त्याला खिळा, आणि जो फटीत पडून राहिला त्याला मान.

दुगाणीला मानाशी देणंघेणं नव्हतं. तिला एकच हवं होतं. दोघं एका ठिकाणी. फरशीत जोडीने लावत असत, शेजारी शेजारी, कडेला कड लागलेली. पाठवाचन संपेल, पण निदान कड लागलेली राहील. त्यासाठी अधेलीबाईंच्या समोर रुक्याची पाठ एकदा वाचायची होती. वाचणाऱ्याचा शब्द प्रमाण मानायची रीत अजून होती. संशय आला तरच नाण्याला उलटं करत, आणि चारचौघांत उलटं होण्यासारखी नामुष्की त्या राज्यात नव्हती.

दरबारात रांगेत उभी असताना तिने मनाशी घोकून ठेवलं. एक कणीस, खाली आकडा. एक कणीस, खाली आकडा. बस्स. आज कारकून व्हायचं.

आधी रुक्याने तिला वाचलं. अधेलीबाई पान चघळत होती. "दोन पानं, मध्ये आकडा," रुका म्हणाला. "कालच्यासारखंच." त्या आवाजात एवढा कंटाळा होता की अधेलीबाईलाही जांभई आली. तिने मान हलवली. "फरशी."

मग जागा बदलल्या. रुका पाठ करून उभा राहिला. दुगाणीने तोंड उघडलं आणि तिची नजर त्या पाठीवर पडली. इतकी वर्षं संध्याकाळच्या अंधुक उजेडात पाहिलेली ती पाठ दरबाराच्या लखलखाटात तिने पहिल्यांदा पाहिली. काही नव्हतं. एक ओरखडासुद्धा नव्हता. याला किती हातांनी घासलं, किती जणांना याच्या बदल्यात मीठ मिळालं आणि सुया मिळाल्या, आणि आज याच्या पाठीवर त्यातलं काहीही नाही! तिला रडू यायला लागलं. अधेलीबाईने चघळणं थांबवलं.

"बाई, वाचता ना?"

तेव्हा रुका मागे न वळता हळूच म्हणाला, "रोजच्यासारखं वाच गं."

दुगाणीने डोळे मिटले आणि रोजच्यासारखं वाचलं. "एक कणीस. त्याच्याशेजारी दुसरं. दाणे भरलेत, वाकलेत. बांध आहे, बांधावर बोर आहे, बोरीला सुगरणीचा खोपा. मध्ये माळा. माळ्यावर पोर बसलीय, तिच्या हातात गोफण. पाखरं आलीत पण ती मारत नाही, नुसती हो हो करते..."

दरबारात आधी कुजबुज झाली, मग खसखस पिकली, मग सोन्याचे होन पोट धरून हसले. रुक्याच्या पाठीवर शेत! माळ्यासकट! अधेलीबाईने हात लांबवला आणि रुक्याला उलटं केलं.

"ही पाठ कोरी आहे, बाई," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुगाणी त्याच्याकडे बघूच शकत नव्हती. तिला वाटलं, आता हा विचारणार की मग रोज संध्याकाळी तू काय वाचत होतीस? रुक्याने विचारलं नाही. त्याला चकित झालेलंही कुणी पाहिलं नाही. भोक पाडायच्या गिरमिटाकडे नेताना तो तिच्याजवळून गेला तेव्हा एवढंच म्हणाला, "हुरड्याचं राहिलं."

खोट्या वाचनाची शिक्षा म्हणून आपल्यालाही भोक पाडा, असं ती अधेलीबाईच्या पाया पडून म्हणाली. अधेलीबाई म्हणाली, "वेडी आहेस का? चांगली पाठ वाया कशी घालवायची? हसवलंस आम्हाला, जा, सोडलं."

दुगाणीला फरशीत बसवलं. चुना थापणारी थापी आंधळी होती, कोण आलं कोण गेलं ती बघत नसे. ओला चुना पाठीला लागला तेव्हा तो गार होता, नंतर घट्ट झाला. तिच्या एका बाजूला कुणाची तरी आजी होती आणि दुसऱ्या बाजूला मासा पाठीवर असलेला कुणी तरी बुवा. जोडीदाराच्या जागी त्यांनी बुवा बसवला.

पहिले काही महिने असेच गेले. होन तिच्या तोंडावरून चालत जात. पुढे राणीच्या महालातला पडदा जुना झाला म्हणून दरबारात आणून लावला आणि त्याच्या काठातून ओळखीचा आवाज आला.

"वहिनी, तुम्ही का त्या?"

"मीच, वन्सं."

"सगळं ऐकलं मी. एक विचारू?" दमडीला विचारल्यावाचून राहवत नसे. "साधं एक कणीस म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

तो प्रश्न दुगाणीने स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की त्याच्याही कडा झिजल्या होत्या. एक कणीस म्हटलं असतं तर तो आज इथे असता, बुवाच्या जागी. मला मिरवायचं होतं. खोट्यालाही ताळतंत्र असावं, ते मला नव्हतं. त्याने माझी दोन पानं दोन पानंच ठेवली आणि मी त्याला शेतासकट बुडवला. मीच. हे ती रोज म्हणे आणि रोज तितकंच दुखे.

"दादा इथेच आहे," दमडी एकदा म्हणाली. "पडदा टांगणारे 'शेतवाला रुका' म्हणून दाखवून हसत होते." मग म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही होय? दाराच्या आतल्या बाजूला बघा, संध्याकाळी दार लोटतात तेव्हा. वरून दुसऱ्या ओळीत."

दिवसभर दरबाराचं दार उघडं असे आणि त्याची आतली बाजू भिंतीकडे जाई. दिवेलागणीला दार लोटलं आणि दुगाणीने वर पाहिलं. खिळ्यांच्या ओळी होत्या, प्रत्येक खिळ्याखाली तांब्याची एक चकती. कोरी बाजू साफ दिसते म्हणून सगळ्यांच्या पाठी बाहेर आणि मुकुट लाकडाकडे. इतक्या कोऱ्या पाठींतून तिने रुक्याची ओळखली. त्यात काही नवल नाही, ती पाठ तिच्याइतकी कुणी पाहिली होती?

"अहो," तिने हाक मारली. चुन्यात बसलेल्या नाण्याचा आवाज बद्द येतो, तिचाही तसाच आला. वरून उत्तर आलं नाही. नाण्याचा आवाज म्हणजे त्याचं वाजणं, आणि खिळ्याने लाकडाला जखडलेलं नाणं वाजत नाही. त्याला ऐकू तरी येतं की नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी दुगाणी रडली आणि मग वाचायला लागली. कणीस वाचलं, बांध वाचला, बोर आणि खोपा वाचला. मध्यावर खिळ्याचं काळं डोकं होतं, तिथे ती अडली. "मधोमध आता विहीर आहे," ती म्हणाली. "खणली यंदा. खोल आहे, पण पाणी लागलंय."

पडद्यातून हुंदका आला. दमडीचा हुंदका त्या आधी कुणी ऐकला नव्हता.

त्यानंतर एकही दिवेलागण दुगाणीने चुकवली नाही. शेजारचे आधी हसले, मग सवयीने ऐकू लागले, मग एखाद्या दिवशी उशीर झाला तर बुवाच म्हणे, "आज पाखरं आली नाहीत का?" फक्त हुरडा तिने कधी वाचला नाही. ते राहिलं आहे असं तो म्हणाला होता. राहिलेलं काही तरी आहे तोवर उद्याची संध्याकाळ आहे, असं तिचं गणित होतं. स्वतःची पाठ मात्र तिची कुणी वाचत नव्हतं. चुन्याखाली आपलं काय आहे ते ती कधी कधी आठवून बघे, तर तिला पानं दिसत नसत, रुक्याचा तो कंटाळलेला आवाज तेवढा ऐकू येई. त्या आवाजावरच तिचे दिवस निघाले.

होनांची आवड बदलायला कारण लागत नाही. एक दिवस दरबारात संगमरवराचा तुकडा आला, सगळ्यांनी त्यावर हात फिरवला आणि तांबं एकाएकी सगळ्यांना काळं दिसू लागलं. अधेलीबाई आता म्हातारी झाली होती, चांदी काळवंडली होती, पण जीभ तशीच होती. तिने फरशीसमोर उभं राहून सांगितलं की राज्याला एका मोठ्या घंटेची गरज आहे, आणि तांब्याला यापुढे कुणी एकेकटं समजणार नाही, सगळे मिळून एकच आवाज होतील. टाळ्या वाजवायला कुणाचे हात मोकळे नव्हते.

फरशी उखडायला पहार उद्या सकाळी यायची होती. त्या संध्याकाळी दार लोटलं तेव्हा दुगाणीने शेत वाचलं आणि थांबली नाही. बांधाजवळ आगटी पेटवली. कणसं खुपसली, राख झटकली, गरम दाणे हातावर चोळले. गोफणवालीला माळ्यावरून खाली बोलावलं. दमडीला वाढलं, बुवाला वाढलं. शेवटी रुक्याशेजारची ती रिकामी जागा आली. "तिथे आता कुणी तरी येऊन बसलंय," ती म्हणाली, आणि पुढचं तिला वाचता आलं नाही. दार हललं नाही. वारा नव्हता त्या दिवशी.

सकाळी पहारीचं टोक तिच्या कडेखाली शिरलं. चुना तडकला. आजी निघाली, बुवा निघाला, मग दुगाणी उचकटली गेली, कडेवर गिरक्या घेत घरंगळली, आणि पडद्याच्या पायाशी टेकून उभी राहिली. तोंड आपल्याच जागेकडे.

कोबा उघडा पडला होता. चुन्याने सगळं जपून ठेवलं होतं. बुवाच्या जागी मासा उमटला होता, उलटा, पण खवल्यांसकट. आजीच्या जागी नांगर होता. मागच्या ओळीत वेली होत्या, फुलं होती, आकडे होते, गाडल्या दिवशीइतके स्वच्छ. त्या राज्यात आपापली पाठ पाहणारे ते पहिलेच लोक, आणि सगळे खुळ्यासारखे आपापल्या खड्ड्याकडे बघत होते.

आजी आणि बुवा यांच्या मधला खड्डा गुळगुळीत होता. पानं नव्हती. आकडा नव्हता. दुगाणीला वाटलं, ही जागा आपली नव्हे. मग तिला चुन्याच्या कडेला खोच दिसली, उंबऱ्यावर आपटून पडलेली.

ती बघत राहिली. रुका पाठ वाचतानाचा तो आवाज तिला आठवला, दरबारातला आणि त्याआधीच्या इतक्या संध्याकाळींचा, एकदाही न अडखळलेला.

पडद्याच्या काठात दमडीला काही दिसत नव्हतं. "वहिनी," ती अधीर होऊन म्हणाली, "सगळे आपापलं बघतायत म्हणे. तुमच्या पाठीवर काय आहे हो?"

दार उघडं होतं, भिंतीला लागलेलं. दुगाणीने त्या बाजूला तोंड केलं आणि जमेल तितक्या मोठ्याने वाचलं.

"दोन पानं, मध्ये आकडा," ती म्हणाली. "कालच्यासारखंच."